सी मधून प्रोग्रामांची साखळी चालवताना सॉर्ट का अडकतो, आणि पाइप कसे जोडायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी मधल्या एका प्रोग्रामला जीझिपची लॉग फाइल उलगडायची आहे, तिच्या ओळी सॉर्ट करायच्या आहेत, युनिकने सारख्या ओळी मोजायच्या आहेत आणि निकाल स्वतः वाचायचा आहे. आधी अख्खी कमांड एका स्ट्रिंगमध्ये पीओपनला (शेलकडून कमांड चालवून घेणारं फंक्शन) दिली होती. फाइलच्या नावात एकेरी अवतरणचिन्ह आलं आणि ते मोडलं. म्हणून साखळी हाताने बांधली: पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला नेणारी कर्नलची नळी), फोर्क (चालू प्रोसेसची, म्हणजे पेरेंटची, चाइल्ड नावाची नक्कल काढणारा कॉल), डुप२ (डिस्क्रिप्टरची, म्हणजे उघड्या फाइलच्या किंवा पाइपच्या टोकाच्या क्रमांकाची, प्रत हव्या त्या क्रमांकावर आणणारा) आणि एक्झेक (त्या प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणारा) वापरून. आता जीझिप काम करून संपतो, पण सॉर्ट तसाच बसून राहतो आणि त्याच्या मागे मूळ प्रोग्रामही. फाइल दहा ओळींची असली तरी हेच होतं.

या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे फाइल दहा ओळींची असणं. दहा ओळींनी कुठलाच पाइप भरत नाही, तेव्हा बफर भरून अडकलंय ही शक्यता इथेच बाद होते. उरतं एकच कारण: सॉर्टला इनपुट संपल्याचं कळलेलं नाही. शेवटची ओळ हाती येईपर्यंत पहिली कोणती हे सॉर्टला ठरवता येत नाही. म्हणून तो ईओएफची, म्हणजे इनपुट संपल्याच्या खुणेची, वाट पाहतो, आणि तो ईओएफ येत नाही.

पाइपवर ईओएफ कधी येतो? लिहिणारा प्रोग्राम संपला की येतो, असं वाटतं, पण नियम तसा नाही. पाइप रिकामा असेल आणि त्याच्या लिहायच्या टोकाकडे बोट दाखवणारा एकही डिस्क्रिप्टर कुठल्याही प्रोसेसमध्ये उघडा नसेल, तेव्हाच रीड शून्य परत देतो. फोर्क केल्यावर चाइल्डला सगळ्या उघड्या डिस्क्रिप्टरांच्या प्रती मिळतात आणि पेरेंटच्या प्रती पेरेंटकडेच राहतात. म्हणजे जीझिप संपला तरी त्याच पाइपचं लिहायचं टोक पेरेंटकडे उघडं आहे. त्याहून फसवं म्हणजे, सगळे पाइप आधी बनवून मग फोर्क केले असतील, तर खुद्द सॉर्टकडेही त्याच्याच इनपुट पाइपचं लिहायचं टोक पडून आहे. तो स्वतःच्याच हातातलं टोक बंद होण्याची वाट पाहत बसलाय आणि कर्नलच्या नियमांप्रमाणे सगळं बरोबर चाललंय.

याच नियमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. वाचणारा निघून गेला हे लिहिणाऱ्याला सिगपाइप सिग्नलने किंवा ईपाइप एररने कळतं, पण तेसुद्धा वाचायच्या टोकाची शेवटची प्रत बंद झाल्यावरच. साखळीच्या शेवटी हेड (फक्त पहिल्या काही ओळी घेणारा प्रोग्राम) असेल, त्याने दहा ओळी घेऊन निरोप घेतला आणि पेरेंटने वाचायचं टोक धरून ठेवलं, तर मागचा प्रोग्राम पाइप भरेपर्यंत लिहितो आणि मग राइटमध्ये कायमचा थांबतो. हाताने बांधलेल्या साखळ्यांतले बहुतेक घोळ या एका प्रश्नावर येऊन थांबतात: कोणत्या क्षणी, कोणत्या प्रोसेसकडे, कोणतं टोक उघडं आहे?

पीओपन सोडलात ते योग्यच केलं. पीओपन दिलेली स्ट्रिंग शेलला देतो, म्हणजे फाइलचं नाव शेलच्या व्याकरणात शिरतं. तुमच्याकडे नुसतं अवतरणचिन्ह आलं. अर्धविराम किंवा डॉलर आणि कंस आले असते तर त्या नावातली कमांड चालली असती. अवतरणं हाताने एस्केप करण्याच्या फंदात पडू नका. शेलला मध्ये न घेणं हाच त्यावरचा इलाज. शिवाय पीक्लोजकडून मिळतो तो शेलचा निकाल, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये तो साखळीतल्या फक्त शेवटच्या प्रोग्रामचा असतो. जीझिपची फाइल अर्धवट कापलेली निघाली तरी युनिक आनंदाने शून्य देतो. कमांड पूर्णपणे कोडात लिहिलेली असेल, बाहेरून एकही अक्षर येत नसेल आणि मधल्यांच्या अपयशाने फरक पडत नसेल, तर पीओपन वापरायला हरकत नाही. तुमचं प्रकरण त्यात बसत नाही.

आता बांधणी. सगळे पाइप आधी बनवून मग सगळे फोर्क करायचे, अशी उदाहरणं खूप सापडतात. चार प्रोग्रामांना तीन पाइप, म्हणजे सहा टोकं, आणि प्रत्येक चाइल्डने त्यांतली नको ती सगळी बंद करायची. एक विसरलं की तुमच्यासारखी अवस्था. त्यापेक्षा सरकती पद्धत घ्या. पेरेंटकडे 'मागचं टोक' नावाचं एकच व्हेरिएबल ठेवा: पुढच्या प्रोग्रामने जिथून वाचायचं तो डिस्क्रिप्टर. लूपच्या प्रत्येक फेरीत हे करा:

१. पाइप२ ला ओ-क्लोएक्झेक (एक्झेकच्या वेळी डिस्क्रिप्टर आपोआप बंद करणारा) हा फ्लॅग देऊन नवा पाइप बनवा. शेवटच्या प्रोग्रामचा निकाल स्वतः वाचायचा असल्याने तुमच्या बाबतीत शेवटच्या फेरीतही पाइप हवाच.
२. फोर्क करा.
३. चाइल्डमध्ये मागचं टोक डुप२ ने ० वर (स्टँडर्ड इनपुट) आणा, नव्या पाइपचं लिहायचं टोक १ वर (स्टँडर्ड आउटपुट) आणा आणि एक्झेक करा.
४. पेरेंटमध्ये लगेच, पुढचा फोर्क करण्याआधी, मागचं टोक बंद करा, नव्या पाइपचं लिहायचं टोक बंद करा, आणि नव्या पाइपचं वाचायचं टोक 'मागचं टोक' म्हणून ठेवा.

चौथी पायरी लूपच्या बाहेर नेऊन 'शेवटी सगळं बंद करू' असं करू नका. ती जागच्या जागी केली, तर तिसऱ्या चाइल्डला पहिल्या पाइपचा वाराही लागत नाही, कारण तो जन्मेपर्यंत पेरेंटकडे त्या पाइपचं काहीच शिल्लक नसतं. लूप संपल्यावर 'मागचं टोक' म्हणजे साखळीचं आउटपुट. त्यावर एफडीओपन करा आणि गेटलाइनने वाचा.

क्लोएक्झेकमुळे चाइल्डमध्ये वेगळे क्लोज लिहावे लागत नाहीत. मूळ डिस्क्रिप्टर एक्झेकच्या क्षणी आपोआप बंद होतात, आणि डुप२ ने ० व १ वर आलेल्या प्रतींना तो फ्लॅग लागत नाही, म्हणून त्या टिकतात. मात्र हा फ्लॅग चाइल्डची काळजी घेतो, पेरेंटची नाही. पेरेंटमधले दोन क्लोज तुम्हालाच लिहावे लागतात. साधा पाइप बनवून नंतर एफसीएनटीएलने फ्लॅग लावला तर एकाच थ्रेडच्या प्रोग्राममध्ये चालतं. थ्रेड अनेक असतील तर या दोन कॉलच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड फोर्क करू शकतो आणि तुमचं टोक भलत्याच प्रोग्रामकडे जातं. असा दोष शंभरातून एकदा दिसतो आणि शोधायला आठवडे खातो. पाइप२ त्यासाठीच आहे: लिनक्समध्ये २.६.२७ पासून, आणि पॉझिक्स या युनिक्स मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीतही.

पहिल्या फेरीत मागचं टोक कोणतं? इथे तुमच्या फाइलनावाच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर आहे. फाइल पेरेंटमध्येच ओपन करा, वाचण्यापुरती आणि क्लोएक्झेकसह, आणि तो डिस्क्रिप्टर पहिलं मागचं टोक म्हणून द्या. जीझिपला फक्त हायफन डीसी हा पर्याय द्यायचा, तो स्टँडर्ड इनपुटवरून वाचेल. नाव कुठल्याही आर्ग्युमेंटमध्ये येतच नाही. फाइल नसेल किंवा परवानगी नसेल, तर ओपनचा एरनो (अपयशाचं कारण सांगणारा क्रमांक) तुमच्या हातात असतो, चाइल्डच्या एरर मेसेजमधून तो उकरावा लागत नाही. नाव आर्ग्युमेंट म्हणून द्यावंच लागत असेल, तर त्याआधी दोन हायफनांचं स्वतंत्र आर्ग्युमेंट द्या. शेल नसला तरी हायफनने सुरू होणारं फाइलनाव प्रोग्रामला पर्यायच वाटतं, एक्झेक त्यापासून वाचवत नाही. आणि पहिल्या प्रोग्रामला काहीच इनपुट नको असेल, तर डेव्ह-नल (नेहमी रिकामी असणारी खास फाइल) उघडून द्या. नाहीतर त्याला तुमचा स्टँडर्ड इनपुट मिळतो आणि वापरकर्त्याने टाइप केलेलं तो खाऊन टाकू शकतो.

डुप२ मध्ये एक खड्डा आहे. तुमचा प्रोग्राम ज्याने सुरू केला त्याने ० किंवा १ बंद करूनच सुरू केला असेल, तर कर्नल नेहमी सगळ्यात लहान मोकळा क्रमांक देत असल्याने पाइपचं टोकच ० किंवा १ वर येतं. लिहायचं टोक आधीच १ असेल, तर डुप२ ला दोन्हीकडे १ मिळतो. तो काहीच करत नाही, फ्लॅगही काढत नाही, आणि एक्झेकच्या क्षणी चाइल्डचं आउटपुट बंद होतं. लिहायचं टोक ० वर आलं असेल, तर पहिला डुप२ त्यालाच पुसून टाकतो. उपाय सोपा आहे: प्रोग्राम सुरू होताच डेव्ह-नल उघडत राहा, क्रमांक २ च्या वर जाईपर्यंत, आणि वर गेलेला तेवढा बंद करा. लायब्ररी लिहीत असाल आणि सुरुवात तुमच्या हातात नसेल, तर मिळालेलं टोक ३ पेक्षा लहान असल्यास एफ-डुपएफडी-क्लोएक्झेक वापरून ते ३ किंवा त्यावर हलवा.

फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या जागेत शक्य तितकं कमी करा. अनेक थ्रेडांच्या प्रोग्राममध्ये फोर्कनंतर चाइल्डमध्ये एकच थ्रेड उरतो. बाकीच्यांनी धरलेले लॉक मात्र तसेच बंद राहतात, कारण ते सोडणारं कोणी नसतं. मॅलॉकचा (मेमरी मागणाऱ्या फंक्शनचा) लॉक त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडकडे असेल, तर चाइल्डमधला पहिला मॅलॉक कायमचा थांबू शकतो. प्रिंटएफचंही तेच. म्हणून आर्ग्युमेंटांचे अ‍ॅरे, एन्व्हायरन्मेंट, सगळं फोर्कच्या आधी तयार ठेवा. युनिकला लागून असलेल्या सारख्या ओळीच एकत्र मोजता येतात, तेव्हा सॉर्ट आणि युनिक दोघांनाही एकच लोकॅल (अक्षरांचा क्रम ठरवणारी भाषेची मांडणी) हवा. एलसी-ऑल ला सी ही किंमत द्यायची असेल, तर तीही याच आधीच्या टप्प्यात.

एक्झेक फसला तर एक्झिट नको, अंडरस्कोरवालं एक्झिट वापरा. साधं एक्झिट स्टँडर्ड आयओचे बफर रिकामे करतं, आणि ते बफर पेरेंटची प्रत असतात. पेरेंटने फोर्कआधी काही छापलं असेल आणि ते बफरमध्येच असेल, तर तो मजकूर दोनदा येतो, शिवाय चाइल्डच्या बाबतीत तो पाइपमध्ये, म्हणजे पुढच्या प्रोग्रामच्या इनपुटमध्ये जातो. मोजणीत एक परकी ओळ येते आणि तिचं मूळ कळत नाही. फोर्कआधी एफफ्लशला नल देऊन सगळे आउटपुट बफर रिकामे करायची सवय चांगली. कोड म्हणून प्रोग्राम सापडला नाही तर १२७, सापडला पण चालवता आला नाही तर १२६, ही शेलची रीत पाळा.

पण १२७ वरून पेरेंटला खात्री होत नाही, कारण खुद्द प्रोग्रामही १२७ देऊ शकतो. नेमका एरनो हवा असेल, तर प्रत्येक चाइल्डसाठी क्लोएक्झेक लावलेला आणखी एक छोटा पाइप ठेवा. एक्झेक फसला तर चाइल्ड त्यात एरनोचा इंट लिहून बाहेर पडतो. यशस्वी झाला तर टोक आपोआप बंद होतं आणि पेरेंटच्या रीडला शून्य मिळतं. शून्य म्हणजे यश, चार बाइट म्हणजे एरनो. आणि हो, इथेही पेरेंटने आपलं लिहायचं टोक रीडच्या आधी बंद करायला हवं. नियम तोच.

सिगपाइपबद्दल थोडं सावकाश वाचा, कारण यातला दोष शांतपणे बसून राहतो. एक्झेकच्या वेळी, ज्या सिग्नलांना तुम्ही स्वतःचं फंक्शन लावलं आहे ते डिफॉल्टवर जातात, पण ज्यांना दुर्लक्षित केलंय ते दुर्लक्षितच राहतात. ब्लॉक केलेल्या सिग्नलांचा मास्कही जसाच्या तसा पुढे जातो. नेटवर्कवर लिहिणारे अनेक प्रोग्राम सुरुवातीलाच सिगपाइप दुर्लक्षित करतात, आणि ते योग्यही आहे. पण मग त्यांची चाइल्डही सिगपाइपला बहिरी जन्मते. साखळीच्या शेवटी हेड असेल, तर मागच्या प्रोग्रामने सिगपाइपने गुपचूप संपायला हवं. त्याऐवजी त्याला ईपाइप एरर मिळतो. तो 'ब्रोकन पाइप' अशी तक्रार छापतो, किंवा राइटचा निकाल तपासतच नसेल तर अखंड लिहीत राहतो. म्हणून चाइल्डमध्ये एक्झेकच्या आधी सिगपाइप डिफॉल्टवर आणा आणि सिग्नल मास्क रिकामा करा. पेरेंट स्वतः साखळीत लिहिणार असेल, तर पेरेंटमध्ये मात्र सिगपाइप दुर्लक्षित ठेवून ईपाइप हाताळा, नाहीतर पहिला चाइल्ड लवकर मेला की तुमचा प्रोग्रामही त्याच्याबरोबर जाईल.

पुढचा टप्पा तुमच्या प्रश्नात नाही, पण लवकरच येईल: साखळीला इनपुटही पेरेंटनेच द्यायचं आणि आउटपुटही पेरेंटनेच वाचायचं. 'आधी सगळं लिहू, मग वाचू' हे चाचणीत चालतं आणि खऱ्या डेटावर अडकतं. हिशेब असा. लिनक्समध्ये पाइपची क्षमता नेहमीच्या मांडणीत ६५,५३६ बाइट आहे. ४,०९६ हा आकडा २.६.११ च्या आधीचा. समजा मध्ये टीआर (अक्षरं बदलणारा प्रोग्राम) आहे, जो वाचेल तसं लिहितो. पेरेंट लिहीत जातो, टीआर पुढे ढकलत जातो, पण पलीकडून अजून कोणी वाचत नाही. ६५,५३६ बाइटांनंतर बाहेरचा पाइप भरतो आणि टीआर राइटमध्ये थांबतो. मग तो वाचणंही थांबवतो, आतला पाइप भरतो आणि पेरेंटही राइटमध्ये थांबतो. दोघं एकमेकांची वाट पाहतात. म्हणजे दोन पाइप आणि टीआरचा आतला बफर, एवढ्या बेरजेपर्यंतचा डेटा बिनबोभाट जातो. एक लाख बाइटांची चाचणी पास होते, दोन लाखांना गाडी रुतते. सॉर्ट मध्ये असेल तर हा दोष झाकलाही जातो, कारण सॉर्ट सगळं गिळूनच बोलायला लागतो. उद्या कोणी सॉर्टच्या जागी सेड टाकला की तो उघडा पडतो.

एफ-सेटपाइप-एसझेड वापरून पाइप मोठा करता येतो, साध्या वापरकर्त्याला मूळ मर्यादेत १०,४८,५७६ बाइटांपर्यंत. पण त्याने अडकण्याची जागा फक्त पुढे सरकते. खरे मार्ग तीन आहेत. पहिला, इनपुट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ती फाइल पहिलं मागचं टोक म्हणून देणे. हा मार्ग कमी प्रतीचा समजला जातो, तो समज चुकीचा आहे. डेटा डिस्कवर मावत असेल आणि घाई नसेल तर मी हाच सुचवेन, कारण त्यात अडकण्यासारखं काही उरतच नाही. दुसरा, फक्त इनपुट लिहिण्यासाठी आणखी एक चाइल्ड फोर्क करणे. पेरेंट वाचत राहतो, तो चाइल्ड लिहितो आणि संपतो. हा चाइल्ड एक्झेक करत नाही, म्हणून क्लोएक्झेक त्याच्या कामाचा नाही. त्याला मिळालेली इतर टोकं त्याने हाताने बंद करायची.

तिसरा मार्ग पोल, म्हणजे कोणत्या टोकावर आत्ता लिहिता किंवा वाचता येईल हे सांगणारा कॉल. तो हवाच असेल तर काही गोष्टी पक्क्या करा. पेरेंटकडचं लिहायचं टोक ओ-नॉनब्लॉक (जागा नसेल तर न थांबता परतणारं) करा. पोलने 'लिहिता येईल' असं सांगितलं तरी साध्या टोकावर मोठा राइट अडकू शकतो, कारण थोडी जागा आहे एवढंच पोल सांगतो, सगळं मावेल असं नाही. राइटने जेवढे बाइट गेले असं सांगितलं तेवढेच पुढे सरका. ईअगेन (आत्ता जागा नाही) आलं तर पुन्हा पोलवर या. सगळं लिहून झालं की ते टोक त्याच क्षणी बंद करा, नाहीतर पहिल्याच प्रोग्रामला ईओएफ मिळणार नाही. वाचायच्या टोकावर पोल-हप (पलीकडचं टोक बंद झाल्याची खूण) आला की थांबू नका. पाइपमध्ये अजून बाइट शिल्लक असू शकतात, रीड शून्य देईपर्यंत वाचत राहा. आणि नॉनब्लॉक हा फ्लॅग फक्त तुमच्या टोकाला लावा. वारशाने आलेल्या ० किंवा १ ला लावलात तर तो त्याच टर्मिनलवरच्या दुसऱ्या प्रोग्रामांनाही लागतो, कारण तो डिस्क्रिप्टरवर नसतो, त्यामागच्या सामायिक नोंदीवर असतो.

एरर आउटपुट पकडायचं असेल तर तोही एक पाइप धरा आणि वरचा सगळा हिशेब त्यालाही लावा. आधी आउटपुट संपेपर्यंत वाचून मग एरर वाचायला गेलात, तर एररवर ६५,५३६ पेक्षा जास्त बाइट ओकणारा प्रोग्राम पुन्हा तसाच अडकतो. सगळ्या चाइल्डांना एकच एरर पाइप दिला तर चालतं. एका राइटमध्ये ४,०९६ बाइटांपर्यंतचा मजकूर लिनक्समध्ये अखंड जातो, मध्ये दुसऱ्याची अक्षरं घुसत नाहीत. पॉझिक्स फक्त ५१२ ची हमी देतं.

साखळीशी प्रश्नोत्तर करायचा विचार असेल, म्हणजे एक ओळ द्यायची, एक ओळ घ्यायची, तर थांबा. बहुतेक प्रोग्राम टर्मिनलवर ओळ संपली की लिहितात, पण पाइपवर बफर भरल्यावरच. तुमची ओळ पोचलेली असते, उत्तरही तयार असतं, पण ते त्याच्या बफरमध्ये बसलेलं असतं. ग्रेपला लाइन-बफर्डचा पर्याय आहे, जीएनयू सेडला हायफन यू आहे. इतरांसाठी एसटीडीबफ वापरून पाहता येतो, पण तो स्टँडर्ड आयओ वापरणाऱ्या आणि डायनॅमिक जोडणीच्या प्रोग्रामांनाच लागू पडतो, आणि प्रोग्रामने स्वतःच बफरिंग ठरवलं असेल तर तेही नाही.

आता वाट पाहणं. क्रम असा: आधी आउटपुट ईओएफपर्यंत वाचा, मग वेटपीआयडी करा, म्हणजे चाइल्ड संपण्याची वाट पाहून त्याचा निकाल घ्या. उलट केलंत तर शेवटचा प्रोग्राम भरलेल्या पाइपवर थांबतो आणि तुम्ही तो संपण्याची वाट पाहता. प्रत्येक चाइल्डचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) अ‍ॅरेमध्ये ठेवा आणि प्रत्येकासाठी नाव घेऊन वेटपीआयडी करा. उणे १ देऊन 'जो येईल तो' असं कराल तर प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाचं चाइल्ड तुम्ही उचलाल आणि तो भाग गोंधळेल. सिग्नलमुळे ईइंटर आलं तर पुन्हा कॉल करा. ईचाइल्ड (असं चाइल्डच नाही) आलं तर कोणीतरी सिगचाइल्ड (चाइल्ड संपल्याचा सिग्नल) दुर्लक्षित करून ठेवलाय का ते पाहा. तसं असेल तर कर्नल चाइल्डचा निकाल ठेवतच नाही.

सगळे निकाल हाती आल्याशिवाय वाचलेला डेटा खरा मानू नका. जीझिपची फाइल मध्येच कापलेली असेल, तर जमेल तेवढं उलगडून तो १ देतो. सॉर्ट आणि युनिक मिळालेल्या तेवढ्यावर चोख काम करून शून्य देतात. तुमच्याकडे दिसायला निर्दोष पण चुकीची मोजणी येते. म्हणून ती तात्पुरत्या जागी जमा करा आणि तिघांचे निकाल पाहून मगच पुढे पाठवा. निकालाचा अर्थ मात्र प्रोग्रामागणिक वेगळा असतो. जीझिपचा २ म्हणजे इशारा, ग्रेपचा १ म्हणजे काही जुळलं नाही, आणि दोन्ही अपयश नाहीत. शेवटचा सोडून कोणी सिगपाइपने मेला असेल, म्हणजे सिग्नल १३, शेलमध्ये जो १४१ दिसतो, तर पुढच्याने लवकर निरोप घेतला एवढंच. साखळीत हेड असेल तर ते अपेक्षितच आहे, पण सॉर्ट आणि युनिकच्या साखळीत जीझिप सिगपाइपने मेला तर सॉर्ट आधी कोसळलाय. हा निवाडा एका सामान्य फंक्शनमध्ये कोंबू नका, साखळी बांधणाऱ्यालाच तो ठरवू द्या.

वेळमर्यादा ठेवायची असेल तर सगळ्या चाइल्डांना एका प्रोसेस ग्रुपमध्ये घाला आणि ग्रुपलाच सिग्नल पाठवा. सेटपीजीआयडी चाइल्ड आणि पेरेंट दोन्हीकडे करा, आधी कोण धावेल याची खात्री नसते. हा ग्रुप टर्मिनलच्या दृष्टीने मागे पडतो, त्यामुळे कंट्रोल-सी त्याला पोचणार नाही. तो तुम्हाला पुढे पाठवावा लागेल.

प्रोग्राम मोठा असेल, काही गीगाबाइट मेमरी धरून बसणारा, तर फोर्कचा पेज टेबल कॉपी करण्याचा वेळ जाणवू लागतो. तिथे पॉझिक्स-स्पॉन वापरा. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२४ पासून तो मेमरीची नक्कल न करता चाइल्ड उभं करतो आणि एक्झेक फसल्याचा एररही थेट परतीच्या किमतीत देतो, एरनोमध्ये नाही. डुप२ चं काम फाइल अ‍ॅक्शनमध्ये, सिगपाइप डिफॉल्ट करणं आणि मास्क रिकामा करणं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जातं. फोर्क आणि एक्झेकच्या मध्ये मॅलॉक करण्याची संधीच मिळत नाही, हा त्याचा मोठा फायदा. सरकत्या लूपची पायरी चार मात्र तशीच राहते.

आणि हे सगळं स्वतः लिहिण्याआधी लिबपाइपलाइन ही सी लायब्ररी पाहा. मॅन-डीबी या मॅन्युअल दाखवणाऱ्या प्रोग्राममधून कॉलिन वॉटसन यांनी ती वेगळी काढली, जिथे उलगडणं, अक्षरसंच बदलणं, मांडणी करणं अशी साखळी रोजची आहे. पाइपलाइन-न्यू ने साखळी बनवायची, पाइपलाइन-कमांड-आर्ग्ज ने प्रत्येक प्रोग्राम जोडायचा (शेवटी नल विसरू नका), आउटपुट स्वतः वाचायचं असेल तर पाइपलाइन-वाँट-आउट ला उणे १ द्यायचा. मग स्टार्ट, ओळी घ्यायला रीडलाइन, शेवटी वेट आणि फ्री. तिचा एकत्रित निकाल शेलपेक्षा शहाणा आहे: शेवटचा प्रोग्राम अपयशी तर त्याचा कोड, मधला कोणी शून्याव्यतिरिक्त काही देऊन संपला तर १२७. एकेकट्याचे निकाल हवे असतील तर वेट-ऑल आहे. लायसन्स जीपीएल ३ किंवा पुढचं आहे, तुमचा प्रोग्राम बंद सोर्सचा असेल तर इथेच थांबावं लागेल.

तुमच्या आत्ताच्या अडकलेल्या प्रोग्रामचं निदान मात्र काहीही बदलण्याआधी करा, दोन मिनिटांचं काम आहे. तो अडकलेला असतानाच दुसऱ्या टर्मिनलमध्ये सॉर्टचा पीआयडी काढा आणि प्रॉक डिरेक्टरीत त्या पीआयडीखालच्या एफडी फोल्डरची एलएस हायफन एल ने यादी घ्या. ० समोर पाइप असं लिहून चौकटी कंसात एक आयनोड क्रमांक दिसेल. तोच क्रमांक सॉर्टच्याच यादीत आणखी कुठल्या डिस्क्रिप्टरसमोर आहे का, आणि पेरेंट व युनिकच्या याद्यांत आहे का, ते पाहा. परवानग्यांच्या रकान्यात आर नसून डब्ल्यू दिसत असेल तर ते लिहायचं टोक. ज्या प्रोसेसमध्ये ते सापडेल, तिच्या कोडात त्याच डिस्क्रिप्टरचा क्लोज राहिलेला आहे.